चौदा की सात

(न्यायाधिकरणाच्या गावातलं साक्षीदारांचं मुक्कामाचं घर. सकाळचे सात. पडवीत दाफ्रोज गाठोडं बांधून बसली आहे. शेजारच्या देशातल्या हत्याकांडाबद्दल पाच आरोपींवर चाललेल्या खटल्याचं वेळापत्रक सांभाळणारी आइकांडे नुकतीच येऊन समोर उभी राहिली आहे.)

दाफ्रोज : नाही म्हणजे नाही. तू त्या मोठ्या न्यायाधीशाला घेऊन आलीस तरी नाही.

आइकांडे : न्यायाधीश यायचे नाहीत, माई. त्यांची चहाची वेळ चुकली तर ते दिवसभर सगळ्यांवर डाफरतात. मी एकटीच आलेय.

दाफ्रोज : आली तशी जा. मला विमानाची वेळ सांग आणि जा.

आइकांडे : बसू का जरा?

दाफ्रोज : बस. पाट तुमचा, पडवी तुमची. मी कोण नाही म्हणणारी?

आइकांडे : स्वाहिली छान बोलता की तुम्ही. मला वाटलं होतं, दुभाष्याला उठवून आणावं लागणार.

दाफ्रोज : लहानपणी नऊ वर्षं तुमच्या देशात, न्गारात निर्वासित होते. डोक्यावर केळी घेऊन दारोदार हिंडले की भाषा येते. आणि गोड बोलणंही ओळखता येतं. मुद्द्यावर ये.

आइकांडे : बरं, मुद्द्यावर येते. चौथ्या आरोपीच्या वकिलाचे प्रश्न अर्धे राहिलेत. पाचव्याचा वकील अजून उठलेलाच नाही. तुम्ही आज गेलात तर तुमची साक्ष अर्धवट राहील. ज्यांना विचारायला मिळालं नाही ते म्हणतील, ही साक्षच काढून टाका. आणि ती नुसती त्या दोघांपुरती नाही जाणार. पाचही जणांविरुद्धची जाईल.

दाफ्रोज : म्हणजे बर्गोमास्टरविरुद्धचीही. आमच्या गावचा कारभारी होता तो.

आइकांडे : त्याच्याविरुद्धचीही. लोकांना अडवून मारलं त्या रुकोंदोच्या नाक्यावर तो होता हे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

दाफ्रोज : ते तू मला सांगतेस? कोण उरलं नाही ते?

आइकांडे : ... चुकले मी. माफ करा.

दाफ्रोज : मी सहा दिवस इथे आहे, पोरी. पहिल्याने विचारलं, नाका कुठे होता. सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, नाका कुठे होता. सांगितलं. तिसऱ्याने चष्मा पुसला, पाणी प्यायला, मला वाटलं हा तरी काही वेगळं विचारेल. त्याने विचारलं, नाका कुठे होता! पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, तुमच्या पाचामुखी एकच दळण. ते सुद्धा मी दळलं. पीठ पडेना तरी दळलं.

आइकांडे : प्रत्येक आरोपीला आपला वकील असतो, आणि प्रत्येक वकिलाला विचारायचा हक्क असतो. पाच माणसांवर एकत्र खटला म्हटलं की हे येतंच.

दाफ्रोज : हक्क असू दे. पण काल त्या चौथ्याने काय केलं? म्हणे, बाई, पहिल्यांदा तुम्ही एक अंतर सांगितलं आणि आज निम्मं सांगता. म्हणे, एवढ्या जवळ तुम्ही ज्वारीत पडला होता आणि त्यांनी तुम्हाला पाहिलं नाही? की पाहून सोडलं? आणि सोडलं तर का सोडलं? कळलं का तुला त्याला काय म्हणायचं होतं? मी त्यांच्यातलीच. म्हणून वाचले.

आइकांडे : माई, यावर मला बोलता येत नाही. तुम्ही साक्षीच्या मध्यावर आहात. साक्षीतलं एक अक्षरही मी तुमच्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे.

दाफ्रोज : तू नको बोलूस. मी बोलते. मी तेच सांगितलं गं! पहिल्याला जे सांगितलं तेच चौथ्याला. शब्दाला शब्द तेच. तुझ्याच माणसांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, पाच वेळा विचारलं तरी खरं तेच सांगा, बदलू नका. मी बदललं नाही. मग निम्मं कुठून झालं?

आइकांडे : थांबा. पुढे सांगू नका मला.

दाफ्रोज : का? तुझा चेहरा का उतरला?

आइकांडे : शब्दाला शब्द?

दाफ्रोज : आताच म्हणालीस ना, बोलायचं नाही?

आइकांडे : हो. बोलायचंच नाही. ... माई, दुपारपर्यंत थांबाल?

दाफ्रोज : कशासाठी?

आइकांडे : सांगता येत नाही.

दाफ्रोज : वा! कारण सांगणार नाही आणि थांब म्हणणार. याआधी असं मला कोण म्हणालं होतं माहीत आहे? बर्गोमास्टर. भोंगा लावून फिरला होता गाडीतून. सगळे शाळेत जमा, कारण विचारू नका, माझ्यावर विश्वास ठेवा. ज्यांनी ठेवला ते शाळेतून बाहेर आले नाहीत. मी आणि माझा भाऊ ज्वारीत शिरलो.

आइकांडे : मग माझ्यावर विश्वास ठेवू नका.

दाफ्रोज : काय?

आइकांडे : खरंच नका ठेवू. नुसत्या बसून राहा. गाठोडं सोडू नका. मी गाडी दारात उभी करते, किल्ली लावून. दुपारी बारा वाजता तुम्ही चालकाला म्हणालात विमानतळ, तर तो विमानतळावर नेईल. कोणी अडवणार नाही. मी अडवणार नाही.

दाफ्रोज : आणि दुसरीकडे म्हटलं तर?

आइकांडे : तर दुसरीकडे नेईल. गाडी तुमची.

दाफ्रोज : ... चहा तरी सांग आत. साखर जास्त घालायला सांग. तुमच्या इथे चहा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य.

* * *

न्यायमूर्ती मोलापो : बसा, आइकांडे. तुम्ही उभ्या राहिलात की मला वाईट बातमीचा वास येतो. साक्षीदार निघून गेली का?

आइकांडे : नाही, साहेब. बारापर्यंत आहे. मी उभीच राहते.

मोलापो : म्हणजे बातमी त्याहून वाईट आहे. माझा चहा निवायच्या आत सांगा.

आइकांडे : चौदा मीटर आणि सात मीटर. दोन्ही आकडे तिचे नाहीत. आपले आहेत.

मोलापो : आपले म्हणजे?

आइकांडे : माझे. तिने आकडा कधी सांगितलाच नाही. मी आत्ता दोन्ही दिवसांच्या ध्वनिफिती ऐकून आले. पहिल्या वकिलाने विचारलं, नाका किती लांब होता, या खोलीतलं काहीतरी दाखवून सांगा. ती म्हणाली, माझ्यापासून त्या माणसांपर्यंत. आरोपींकडे बोट करून. लिपिकाने तक्ता पाहिला आणि नोंद केली, चौदा मीटर.

मोलापो : कुठला तक्ता?

आइकांडे : मी केलेला. गेल्या वर्षी एका दिवसात ‘किती लांब’ हा प्रश्न एकोणीस वेळा आला होता, आठवतं? दर वेळी कोणीतरी मोजपट्टी आणायचं, पाच वकील तिच्यावर वाकायचे, त्यांचे पाच जोडीदार वकील हरकत घ्यायचे. म्हणून मी एका सुटीच्या दिवशी खोली मोजली आणि लिपिकाच्या मेजावर कागद चिकटवला. साक्षीदारापासून आरोपी, चौदा. साक्षीदारापासून दार, नऊ. साक्षीदारापासून तुम्ही, सहा.

मोलापो : आठवतं. मी तुमची पाठ थोपटली होती. आणि वकिलांनीही आनंदाने माना डोलावल्या होत्या. मग?

आइकांडे : मग या सोमवारी मोठी खोली दुसऱ्या खटल्याला द्यावी लागली. मी आपला खटला धाकट्या खोलीत हलवला. नाहीतर तीन दिवस वाया जात होते.

मोलापो : त्याबद्दलही मी पाठ थोपटली.

आइकांडे : धाकट्या खोलीत आरोपी जवळ बसतात. साक्षीदारापासून सात मीटर. तिथला तक्ता वेगळा आहे, आणि तोही बरोबर आहे. दोन्ही तक्ते अगदी बरोबर आहेत, साहेब, तीच तर गंमत. चौथ्या वकिलाने विचारलं, किती लांब. तिला आपल्याच लोकांनी बजावलं होतं, पाच वेळा विचारलं तरी तेच सांगा. ती म्हणाली, मागे सांगितलं तेवढंच, माझ्यापासून त्या माणसांपर्यंत. लिपिकाने तक्ता पाहिला. सात.

मोलापो : ... मी तिथेच बसलो होतो.

आइकांडे : सगळेच बसलो होतो.

मोलापो : तीन न्यायाधीश, दहा बचावाचे वकील, चार सरकारी, तीन भाषांचे दुभाषी. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की खोली बदलली आहे. वीस सुशिक्षित माणसं आणि एक खोटी ठरवलेली शेतकरी बाई.

आइकांडे : कागदावर नुसते आकडे आहेत. मी वेळ वाचावा म्हणून सांगितलं होतं, बोट दाखवल्याचं लिहू नका, आकडा लिहा. ज्यांनी कागद वाचला त्यांना ती खोटीच दिसणार.

मोलापो : तुम्ही तिच्याशी यावर बोललात?

आइकांडे : नाही. ती स्वतःहून म्हणाली की दोघांना शब्दाला शब्द तेच सांगितलं. मी तिथेच तिला थांबवलं. हेही मी पाचही वकिलांसमोर सांगणार आहे.

मोलापो : सांगणार आहे? जरा दमानं घ्या. दुसरी एक वाट आहे. सरकारी वकील शेवटी तिला पुन्हा प्रश्न विचारू शकतात. ते विचारतील, बाई, नीट सांगा, नाका किती लांब? ती सांगेल. अंतर दुरुस्त होईल. तक्त्याचं नाव कोणी काढणार नाही. तुमचं तर नाहीच.

आइकांडे : आणि बाकीचे सहा?

मोलापो : कोण सहा?

आइकांडे : आत्तापर्यंतच्या एकतीस साक्षीदारांपैकी सहा जणांना दोन्ही खोल्यांत अंतर विचारलं गेलंय. मागेही दोनदा खोली बदलली होती. त्यांतल्या दोघांच्या साक्षीने दुसऱ्या आरोपीचं भलं व्हायला हवं होतं. ते म्हणत होते, तो फार लांब उभा होता. कागदावर तो जवळ दिसतो.

मोलापो : म्हणजे ही दुरुस्ती फक्त एका बाजूची नाही.

आइकांडे : एका बाजूची असती तरी मी आले असते. पण नाही.

मोलापो : तुम्ही काय उघडताय याचा अंदाज आहे? पाच आरोपी, पाच अर्ज. एक म्हणेल माझा खटला वेगळा काढा. एक म्हणेल सगळ्या साक्षी रद्द करा. एक तर नक्की म्हणेल की पहिल्यापासून सुरू करा, चार वर्षांपासून. मी त्या माणसाला ओळखतो, तो आंबा कच्चा निघाला तरी झाड तोडायला सांगतो.

आइकांडे : सहाही ध्वनिफिती काढून ठेवल्यात. कुठल्या दिवशी कुठली खोली, त्याची यादी केली आहे. साक्षीदाराने काय दाखवलं, लिपिकाने काय लिहिलं, समोरासमोर मांडलंय. पाच प्रती काढल्यात. अर्ज येऊ देत. उत्तरं तयार आहेत.

मोलापो : आणि हे शपथेवर सांगायला तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. एकदा उभ्या राहिलात की या खटल्याचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही. हे माहीत आहे?

आइकांडे : रस्त्याने येताना तेवढंच डोक्यात होतं.

मोलापो : चार वर्षं तुम्ही हा खटला एका हाताने ओढलात. पाच आरोपींपैकी एकाचं जरी पोट दुखलं तरी सगळं थांबायचं, आणि तुम्ही डॉक्टर, गाड्या, दुभाषी जुळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचात. मला वाईट वाटेल.

आइकांडे : मलाही वाटतंय, साहेब. खूप वाटतंय. पण ती बाई तिकडे गाठोडं धरून बसली आहे आणि तिला कळत नाहीये की तिने काय चुकवलं. मला कळलंय आणि मी तिला सांगू शकत नाही. हे मला दुपारपलीकडे पेलायचं नाही.

मोलापो : बारा कोणी ठरवले?

आइकांडे : मी. गाडी दारात उभी करायचा शब्द दिलाय.

मोलापो : मला न विचारता?

आइकांडे : गाड्या माझ्या हाताखाली आहेत, साहेब. निदान आज दुपारपर्यंत.

मोलापो : हं. ... पाचही वकिलांना दहाला बोलवा. पाच प्रती त्यांच्या हातात द्या. प्रेक्षकांचा कक्ष बंद ठेवा. आणि मागच्या आवारात गाड्या उभ्या असतात ना, तेवढ्या हलवायला सांगा.

आइकांडे : आवार कशाला?

मोलापो : दोन खोल्यांनी पुरेसा घोळ घातला. आता उघड्यावर मोजू. आणि आइकांडे, तो चहा तुम्ही प्या. मला आता जाणार नाही.

* * *

मोलापो : नोंद व्हावी. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. न्यायालय मागच्या आवारात बसलं आहे, म्हणजे उभं आहे. पाचही आरोपी व्हरांड्यात हजर. पाचही वकील हजर. आइकांडेंची शपथेवरची साक्ष सकाळीच झाली आहे. बाहेरचं कोणी नाही. दुभाष्यांनो, इथे तुमच्या काचेच्या खोल्या नाहीत, मोठ्याने बोला. बाई, तुम्ही आलात. न्यायालय आभारी आहे.

दाफ्रोज : आभार नकोत. मी बघायला आले.

मोलापो : काय बघायला?

दाफ्रोज : साडेअकराला एक कागद आणून वाचून दाखवला मला. त्यात लिहिलं होतं, दोन्ही आकडे साक्षीदाराने सांगितलेले नाहीत, ते न्यायालयाने लिहिले, चूक न्यायालयाची आहे. खाली तुमची सही. मी तो तीनदा वाचायला लावला. एवढ्या वर्षांत ‘चूक आमची’ असं लिहिलेला सरकारी कागद पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, असलं लिहिणारा माणूस दिसतो तरी कसा.

मोलापो : दिसतो तो असा. निराशा झाली असेल. देपेर साहेब, चौथ्या आरोपीचे वकील म्हणून तुमची काही हरकत?

देपेर : हरकत सकाळीच नोंदवली आहे. साक्षीदाराला तो कागद दाखवायलाच नको होता. आणि स्मरणातलं अंतर इतक्या वर्षांनी गाड्यांच्या आवारात मोजणं हा पुरावा नाही, नाटक आहे.

मोलापो : नोंद झाली. बाई, आता मीटर विसरा.

दाफ्रोज : मीटर मला माहीतच नाही. मीटरने कापड घेतात. वाट कोण मीटरने मोजतं?

मोलापो : मग तुमच्या पद्धतीने दाखवा. हे झाड धरा तुमची जागा, जिथे तुम्ही ज्वारीत होता. तिथून नाका होता तिथपर्यंत चालत जा. पोचलात की थांबा. घाई नाही.

दाफ्रोज : त्या माणसांच्या बाजूला जायचं?

मोलापो : कुठल्याही बाजूला जा. तुम्ही ठरवा.

दाफ्रोज : त्यांच्याच बाजूला जाते. काल मान खाली घालून बसले होते मी. आज बघू दे मला चालताना. ... निघाले. इथे बांध होता. इथपर्यंत ज्वारी. इथून पुढे मोकळं.

देपेर : क्षमा असावी. साक्षीदार सरळ जात नाहीयेत. त्या डावीकडे वळल्या. न्यायालयाने पाहिलं का?

मोलापो : पाहिलं. चालू दे त्यांना.

दाफ्रोज : इथे. इथे दोन ड्रम आणि वर आडवं लाकूड. बर्गोमास्टर या बाजूला होता, आणि वकिला, हा तुझा माणूस त्याच्या शेजारी, हातात कागद घेऊन. नावं वाचत होता.

देपेर : वाट वाकडी झाली आहे. अशा वाकड्या वाटेवरून अंतर कसं काढायचं? सपाट आवार आहे, मध्ये एक दगडही नाही. साक्षीदाराने सरळ का चालू नये?

मोलापो : प्रश्न रास्त आहे. बाई, मध्येच का वळलात?

दाफ्रोज : तिथे एमाब्ल आहे.

मोलापो : कोण एमाब्ल?

दाफ्रोज : माझा भाऊ. धाकटा. त्याला वाटलं पळून जाता येईल. ज्वारीतून उठला आणि मोकळ्यात आला, तिथेच पडला. दिवस मावळायला ते सगळे दारू प्यायला गेले तेव्हा मी उठून नाक्यापर्यंत चालत आले. दुसरी वाटच नव्हती. तेव्हाही वळूनच आले. त्याच्यावरून कसा पाय टाकणार?

मोलापो : ... नोंद घ्या. शब्दाला शब्द.

देपेर : न्यायमूर्ती, सरळ अंतर तरीही लागेल. माझं काम आहे ते.

मोलापो : तुमचं कामच आहे. बाई, मोजपट्टी सरळ धरावी लागेल. ती त्या जागेवरून जाईल. चालेल तुम्हाला?

दाफ्रोज : पट्टी जाऊ द्या. पट्टीचा भार होत नाही कोणाला. फक्त धरणाऱ्या माणसाला सांगा, कडेने चाल.

मोलापो : ऐकलंत ना? कडेने चाला. दोन्ही टोकं धरा. देपेर साहेब, तुम्ही स्वतः वाचा, म्हणजे तक्त्याचा प्रश्न उरणार नाही.

देपेर : चौदा... चौदा मीटर वीस सेंटिमीटर.

मोलापो : पुन्हा, मोठ्याने.

देपेर : चौदा मीटर वीस. न्यायमूर्ती, काल मी सात मीटरवरून एक प्रश्न विचारला होता. की त्यांना पाहून का सोडलं. तो प्रश्न मी मागे घेतो. बाकीची माझी हरकत कायम आहे.

मोलापो : हरकत कायम, प्रश्न मागे. नोंद झाली. बाई, तुम्हाला तिथे ऊन लागतंय. आज इथेच थांबू. पाचव्या आरोपीच्या वकिलांचे प्रश्न उद्या सकाळी घेऊ. तुम्ही विश्रांती घ्या.

दाफ्रोज : तो पाचवा वकील कुठला?

मोलापो : तो, टोकाला उभा आहे तो. पण आज नको, तुम्ही दमलात.

दाफ्रोज : दमले आहेच. पण आत्ता मी नाक्यावर उभी आहे. ये म्हणावं त्याला इकडे, आणि विचार म्हणावं.